कोंबडखताचा ताळेबंद

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
सिंगापूर फूड एजन्सी, सिंगापूर

विषय : अंड्यांच्या पोल्ट्री फार्मवर तयार होणाऱ्या विष्ठेचे मोजमाप खाद्याच्या नोंदींवरून करून तिचा वार्षिक ताळेबंद प्रसिद्ध करण्याबाबत



सिंगापूरच्या वार्षिक अन्नविषयक आकडेवारीत देशात किती अंडी तयार झाली, किती बाहेरून आली आणि दरडोई किती खाल्ली गेली, हे नेमाने छापले जाते. परंतु ती अंडी देणाऱ्या कोंबड्यांनी त्याच वर्षात किती विष्ठा टाकली, तिच्यात नत्र किती होते, स्फुरद म्हणजे फॉस्फरस किती होता आणि हे सारे अखेर कोठे गेले, यासाठी त्या पुस्तिकेत रकाना नाही. तो रकाना घालावा आणि त्यातला आकडा कोंबड्यांची संख्या ठरावीक गुणकाने गुणून न काढता त्यांनी खाल्लेल्या खाद्यावरून काढावा, एवढीच या पत्राची मागणी आहे. पत्र एजन्सीला उद्देशून असले, तरी ते मराठीत लिहिण्यामागे कारण आहे. शेणाचा अंदाज डोकी मोजून बांधण्याची रीत महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या वापरली असून ती कोठे साथ देते आणि कोठे फसवते, याची सर्वांत मोठी परीक्षा तेथेच झालेली आहे.

खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या गोबरगॅस कार्यक्रमात एक घनमीटर गॅससाठी सुमारे पंचवीस किलो ताजे शेण लागते आणि एक गाय किंवा बैल दिवसाला साधारण दहा किलो शेण देतो, असे धरले जाई. त्यानुसार दोन घनमीटरच्या संयंत्राला पाच जनावरे पुरेशी ठरत. हिशोब कागदावर चोख होता, परंतु दिवसभर रानात चरणारे जनावर निम्मे शेण रानातच टाकते, उन्हाळ्यात कडब्यावर जगणाऱ्या गाईचे शेण पावसाळ्यातल्या हिरव्या चाऱ्यावरच्या गाईइतके नसते, आणि संकरित दुभती गाय देशी खोंडाच्या दुपटीहून अधिक शेण देऊ शकते, ही तफावत त्या दहा किलोंत मावत नव्हती. पुरेशा शेणाअभावी अर्धपोटी चालणारी किंवा बंद पडलेली संयंत्रे हा ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाचा विषय आहे. अर्थात तेथे ही चूक पचते, कारण कमी पडलेल्या शेणाने एक चूल पेटत नाही एवढेच होते, आणि जास्त झालेले शेण उकिरड्यावरून शेतात जाते किंवा ट्रॉलीच्या भावाने विकले जाते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना कोंबडखत कधी नकोसे झाल्याचे ऐकिवात नाही. सिंगापुरात ती मुभा नाही. जेथे शेतजमीन एकूण भूमीच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे, तेथे विष्ठेचा प्रत्येक टन कोणीतरी उचलावा, वाहावा, सुकवावा, कुजवावा किंवा जाळावा लागतो आणि अंदाज चुकला की त्याची किंमत माशा, दुर्गंधी व शेजाऱ्यांच्या तक्रारी या रूपांत लगेच मोजावी लागते.

हे सिंगापूरला नव्याने सांगण्याची गरज पडू नये. २७ फेब्रुवारी १९७७ रोजी अप्पर पीअर्स जलाशयाच्या उद्‌घाटनप्रसंगी पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी व कालांग खोरे दहा वर्षांत स्वच्छ करण्याचे आव्हान दिले, तेव्हा त्या पाणलोटातून जी माणसे, धंदे आणि जनावरे हलवावी लागली, त्यांत ६१० वराहपालन केंद्रे व ५०० बदकपालन केंद्रे होती. त्याआधीच क्रांजी जलाशयाच्या परिसरातील डुक्करपालकांना ईशान्येकडील पुंगोलला नेण्यास सुरुवात झाली होती आणि तत्कालीन प्रायमरी प्रॉडक्शन डिपार्टमेंटने पुंगोलला डुकरांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या संयंत्रांचे मोठे काम उभे केले. या प्रयोगाची हकिकत त्यात प्रत्यक्ष सहभागी असलेले अभियंते ई. पॉल ताइगानिडिस यांनी लिहून ठेवली असून ती कॅनडाच्या इंटरनॅशनल डेव्हलपमेंट रिसर्च सेंटरने १९९२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुस्तक निघेपर्यंत त्यातील डुकरे मात्र सिंगापुरातून नाहीशी झालेली होती, कारण १९८४ मध्ये सरकारने वराहपालन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला आणि त्या दशकाच्या अखेरीस पुंगोलची शेवटची केंद्रे मिटली. आज तेथे गृहनिर्माण मंडळाच्या इमारती आहेत. इतक्या कसोशीने उभारलेले मोजमापाचे शास्त्र वापरणारा धंदाच उरू नये, हा योग विलक्षण म्हणावा लागेल. तरीही ते शास्त्र वाया जाण्याचे कारण नाही.

पुंगोलच्या कामातील सर्वांत उपयुक्त कल्पना 'उभ्या डुकरांची संख्या' ही होय. एखाद्या केंद्रावर कोणत्याही एका दिवशी हजर असलेली सर्व डुकरे, म्हणजे माद्या, नर, दुधावरची पिले, दूध तुटलेली पिले आणि विक्रीसाठी वाढवली जाणारी जनावरे, मिळून जी संख्या होते तिलाच आधार मानून संयंत्राचा आकार ठरवायचा, असा तिचा अर्थ. ही गोष्ट वरवर साधी वाटते, परंतु वर्षाला विकल्या गेलेल्या जनावरांचा आकडा आणि रोज उभ्या असलेल्या जनावरांचा आकडा यांची गल्लत ही विष्ठेच्या अंदाजातील सर्वाधिक आढळणारी चूक आहे. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत तिचे निराकरण एका छोट्या सूत्राने केले आहे : वर्षात तयार झालेल्या पक्ष्यांच्या संख्येला प्रत्येकाच्या आयुष्याच्या दिवसांनी गुणावे आणि ३६५ ने भागावे. साठ दिवस जगणारे ६०,००० मांसल पक्षी वर्षभरात तयार करणाऱ्या फार्मवर सरासरी उभे असतात ते ९,८६३ पक्षी. साठ हजारांच्या आधारे वर्षभराची विष्ठा काढणारा सहा पट चुकतो. अंड्यांच्या कोंबड्या वर्षाहून अधिक काळ ठेवल्या जात असल्यामुळे तेथे ही चूक लहान असते, पण नाहीशी होत नाही, कारण अंड्यावर यायच्या आधीच्या तलंगाही खातात आणि विष्ठा टाकतात, आणि त्या अंड्यांच्या आकडेवारीत कोठेच दिसत नाहीत.

पुंगोलचा दुसरा धडा पाण्याविषयीचा आहे. वाढीच्या अवस्थेतील डुकराची मलमूत्र मिळून दिवसाची विष्ठा पाच किलोंच्या आतबाहेर असते, परंतु उष्ण हवेत गोठे धुण्यासाठी आणि जनावरे गार ठेवण्यासाठी वापरलेले पाणी तिच्यात मिसळले की बाहेर पडणारे सांडपाणी तिच्या कित्येक पट होते. संयंत्राकडे येणाऱ्या टनांचा आकडा त्यामुळे डुकरांविषयी थोडे आणि पाण्याच्या नळीविषयी पुष्कळ सांगत असे. विष्ठेचे मोजमाप ओल्या वजनात करण्याला या पत्राचा आक्षेप आहे तो नेमक्या याच कारणासाठी.

अंड्यांच्या कोंबडीच्या बाबतीत हा आक्षेप आकड्यांत मांडता येतो. अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल इंजिनिअर्सच्या २००५ मध्ये सुधारलेल्या 'डी ३८४.२' या मानकानुसार एक लेअर कोंबडी दिवसाला सुमारे ८८ ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिच्यात कोरडा पदार्थ, म्हणजे पाणी पूर्ण उडवल्यावर उरणारा भाग, २२ ग्रॅम असतो. एक लाख कोंबड्यांच्या फार्मवर त्यानुसार रोज ८.८ टन ताजी विष्ठा पडते. हीच विष्ठा पिंजऱ्यांखालच्या फिरत्या पट्ट्यावर हवेच्या झोताने निम्मा ओलावा उरेपर्यंत सुकली, तर तिचे वजन ४.४ टन भरते आणि यंत्रात घालून वीस टक्के ओलाव्यापर्यंत आणली तर पावणेतीन टन. कोंबड्या त्याच, खाद्य तेच, नत्र आणि स्फुरद जवळजवळ तेवढेच, आणि वजनकाट्याचा आकडा मात्र तीन पटींहून अधिक फरकाने बदललेला. उलट दिशेनेही हे घडते. गार हवेत कोंबडी खाद्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पिते, परंतु तापमान तीस अंशांपुढे गेले की ती धापा टाकू लागते आणि पाण्याचे प्रमाण झपाट्याने चढते; विष्ठेतील ओलावा पंचाहत्तरवरून ऐंशी टक्क्यांवर गेला, एवढ्यानेच २२ ग्रॅम कोरड्या पदार्थाचे ओले वजन ८८ वरून ११० ग्रॅम होते, म्हणजे पंचवीस टक्क्यांनी वाढते. समशीतोष्ण अमेरिकेतील मानक विषुववृत्ताजवळच्या बेटाला जसेच्या तसे लावले, तर चूक कोणत्या बाजूला होईल हे यावरून कळते. म्हणून ओल्या टनाला दोनच ठिकाणी स्थान असावे : ट्रकचे भाडे ठरवताना आणि साठवणीच्या खोलीचा आकार काढताना. इतर सर्व ठिकाणी कोरडा पदार्थ, नत्र आणि स्फुरद हीच मापे असावीत.

कोरडा पदार्थ डोकी न मोजता काढता येतो आणि ही रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन कृषिरसायनशास्त्रज्ञ एमिल फॉन वोल्फ यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र असे सांगते की, जनावराने खाल्लेल्या चाऱ्याच्या कोरड्या पदार्थाचा अर्धा भाग आणि अंथरलेला पेंढा यांची बेरीज करून तिला चाराने गुणले की खताचे वजन मिळते. अर्धा भाग एवढ्यासाठी की गवत व वैरण खाणारे जनावर साधारण निम्मा कोरडा पदार्थ पचवते. आणि चाराने गुणायचे ते यासाठी की, खतात तीन भाग पाणी व एक भाग कोरडा पदार्थ असतो. या सूत्राचा पहिला भाग कोंबडीला लागू पडत नाही, कारण ती वैरण खात नाही. मका आणि सोयापेंड यांच्या खाद्यातला कोरडा पदार्थ ती सुमारे तीन चतुर्थांश पचवते व एक चतुर्थांश बाहेर टाकते. दिवसाला ११० ग्रॅम खाद्य, त्यात सुमारे ९८ ग्रॅम कोरडा पदार्थ, त्याचा चौथा भाग साडेचोवीस ग्रॅम. मानकातील २२ ग्रॅमशी हा आकडा पुरेसा जुळतो. दुसरा भाग मात्र दीडशे वर्षांनंतरही तंतोतंत उतरतो, कारण बाविसाला चाराने गुणले की अठ्ठ्याऐंशीच येतात.

नत्राचा हिशोब याहून सोपा आहे, कारण तो वजाबाकीचा आहे. खाद्यात सोळा टक्के प्रथिने धरली आणि प्रथिनांच्या वजनाला ६.२५ ने भागले की नत्र मिळते, हा रूढ नियम लावला, तर ११० ग्रॅम खाद्यातून कोंबडीच्या पोटात रोज सुमारे २.८ ग्रॅम नत्र जाते. दिवसाकाठी सरासरी ५५ ग्रॅम अंडे धरले तर त्यातून सुमारे १.०६ ग्रॅम नत्र बाहेर पडते. पूर्ण वाढलेल्या कोंबडीच्या शरीरात फारसे साठत नाही. उरलेले पावणेदोन ग्रॅम विष्ठेत जाते. मानक १.६ ग्रॅम सांगते. स्फुरदासाठी हीच वजाबाकी केली, तर खाद्यातील अर्धा टक्का म्हणजे ०.५५ ग्रॅम वजा अंड्यातील सुमारे ०.११ ग्रॅम, बाकी ०.४४ ग्रॅम, मानकातील आकडा ०.४८. दोन स्वतंत्र वाटांनी काढलेली उत्तरे इतकी जवळ येत असतील, तर प्रश्न शास्त्राचा उरत नाही, नोंदी ठेवण्याचा उरतो. आणि खाद्यावरून काढलेला आकडा अधिक प्रामाणिक असतो असे म्हणण्याचे कारण हे की, खाद्य बदलले की तो बदलतो. एखाद्या फार्मने फायटेज हे विकर, म्हणजे धान्यातील बांधलेला स्फुरद मोकळा करणारा पदार्थ, खाद्यात मिसळून बाहेरून घालायचा स्फुरद कमी केला, तर वजाबाकीत त्याचे श्रेय त्याला मिळते. डोकी मोजणाऱ्या हिशोबात सुधारलेला फार्म आणि गलथान फार्म यांची किंमत सारखीच लागते.

या पद्धतीसाठी सिंगापूरइतकी सोयीची जागा जगात क्वचितच सापडेल. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने गाईला किती कडबा घातला, बांधावरचे किती गवत तिने खाल्ले, हे त्याला स्वतःलाही किलोत सांगता येणार नाही. सिंगापूरच्या कोंबडीचा मका मात्र देशात पिकत नाही, सोयापेंडही नाही, आणि जहाजातून उतरणारा किंवा जोहोरच्या पुलावरून येणारा प्रत्येक टन कस्टमच्या कागदावर उमटूनच पुढे जातो. शिवाय अंड्यांचे मोठे उत्पादन सेंग चून, च्यूज् अ‍ॅग्रिकल्चर आणि एन अँड एन या मोजक्या फार्मवर एकवटलेले आहे. जेथे आत येणारे धान्य मोजलेले आहे, बाहेर जाणारी अंडी मोजलेली आहेत आणि मध्ये उभे असलेले कारखाने बोटांवर मोजण्याइतके आहेत, तेथे उरलेल्या वस्तूचा आकडा गुलदस्त्यात राहणे पटणारे नाही.

केवळ जाहीर आकड्यांवरून किती दूर जाता येते, याचा एक ढोबळ नमुना येथे देता येईल. सिंगापूरची लोकसंख्या साठ लाखांच्या थोडी वर आहे आणि दरडोई अंड्यांचा खप दिवसाला एकाच्या आसपास. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश अंडी देशात तयार होतात, म्हणजे रोज वीस लाख अंडी. शंभर कोंबड्यांमागे रोज पंच्याऐंशी ते नव्वद अंडी मिळतात असे धरले, तर अंड्यावरच्या कोंबड्या सुमारे तेवीस लाख होतात. त्या रोज अडीचशे टन खाद्य खातात, वर्षाला सुमारे ९२,००० टन. त्यांची ताजी विष्ठा रोज दोनशे टन आणि तिच्यातील कोरडा पदार्थ पन्नास टन. खाद्याच्या सव्वादोनशे टन कोरड्या पदार्थातून विष्ठेचे पन्नास आणि अंड्यांचे सुमारे चाळीस टन वजा केले, तर उरलेले एकशे पस्तीस टन कोंबड्यांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड व वाफेच्या रूपाने हवेत जातात; ताळेबंद मांडल्याशिवाय ही रक्कम डोळ्यांसमोर येत नाही. वर्षाचे नत्र सुमारे १,३४० टन आणि स्फुरद ४०० टन. तलंगांचे वजन यात धरलेले नाही, म्हणून खरे आकडे याहून काहीसे चढे असतील. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर चारशे टन स्फुरद म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटच्या पन्नास किलोच्या एक लाखाहून अधिक गोण्या. अंडी खाणाऱ्यासाठी त्याहून सोपे माप असे की, प्रत्येक स्थानिक अंड्यामागे सुमारे शंभर ग्रॅम ताजी विष्ठा असते, म्हणजे अंड्याच्या स्वतःच्या वजनाहून अधिक.

या सगळ्या घटकांत स्फुरदाचे महत्त्व वेगळे आहे, कारण तो उडून जात नाही. पाणी आटते, कार्बन कुजताना हवेत जातो, नत्र अमोनियाच्या रूपाने निसटते. स्फुरद विष्ठेतच राहतो, ती सुकवा, कुजवा वा जाळा. त्यामुळे खाद्यातून आत गेलेला स्फुरद वजा अंड्यांतून आणि विकलेल्या म्हाताऱ्या कोंबड्यांतून बाहेर गेलेला, ही बाकी फार्मबाहेर गेलेल्या ट्रकांतील खताच्या स्फुरदाशी जुळली पाहिजे. न जुळल्यास एक तर नमुने चुकीचे घेतले गेले आहेत, किंवा काही विष्ठा कागदावर न येता गटारात वा अन्यत्र गेली आहे. निरीक्षकाने प्रत्येक शेडमध्ये नाक खुपसण्यापेक्षा ही वजाबाकी अधिक बोलते. तिच्याच आधारे नत्राचीही झडती घेता येते. ताज्या विष्ठेत नत्राचे स्फुरदाशी प्रमाण १.६ भागिले ०.४८, म्हणजे सुमारे ३.३ असते, ट्रकात भरलेल्या खतात ते दोनवर आलेले आढळले, तर चाळीस टक्के नत्र वाटेत अमोनिया होऊन उडाले, असा निष्कर्ष निघतो. शेजारच्या वस्तीला जो उग्र दर्प येतो त्याचा मोठा भाग हाच, आणि त्याचे मोजमाप हवेत यंत्रे न लावताही प्रयोगशाळेतल्या दोन आकड्यांवरून होऊ शकते. मात्र नमुना घेण्यात काटेकोरपणा हवा. ओलावा काढण्यासाठी विष्ठा १०५ अंशांवर सुकवतात, आणि त्या उष्णतेत अमोनियाही उडतो, म्हणून नत्राची तपासणी ताज्या, न सुकवलेल्या नमुन्यावरच व्हावी. हे पथ्य मोडले गेले तर निसटलेल्या नत्राचा दोष फार्मच्या माथी येईल आणि ते निसटलेले असेल भट्टीत.

इतर जनावरांविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. सेरांगून रस्त्याच्या आसपास भारतीय गवळ्यांचे गोठे आणि म्हशींचे तांडे होते, त्यांची आठवण बफेलो रोडच्या नावात उरली आहे. क्रांजीच्या टर्फ क्लबवर ५ ऑक्टोबर २०२४ रोजी शेवटची शर्यत झाली आणि तबेल्यांतील लीद व तिच्यात मिसळलेला भुसा यांचा प्रश्नही त्याबरोबर ओसरला. लिम चू कांग या शेतीपट्ट्यातील बकऱ्यांच्या लेंड्यांचे प्रमाण कोंबड्यांच्या तुलनेत नगण्य आहे. मात्र ताळेबंदाच्या तळाशी एक टीप असावी. सिंगापुरात खाल्ल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसाचा काही भाग इंडोनेशियाच्या बुलान बेटावर वाढलेल्या जनावरांचा राहिला आहे आणि कोंबडीच्या मांसाचा मोठा वाटा मलेशियातून येतो. त्या जनावरांची विष्ठा तेथेच राहते. १९८४ च्या निर्णयाने विष्ठा कमी झाली नाही, तिचा पत्ता बदलला. त्या निर्णयामागची पाण्याची व जमिनीची निकड खरी होती, पण आयात मांसामागची विष्ठाही याच सूत्रांनी मोजून स्वतंत्र रकान्यात दाखवली, तर हिशोब पूर्ण होईल. आकडे मांडल्याने शेजाऱ्यांचा उपमर्द होण्याचे काही कारण दिसत नाही.

विष्ठा कोठे जावी, हा मोजमापानंतरचा प्रश्न. कोंबडखतात कार्बनाच्या मानाने नत्र फार असते, त्यामुळे ते एकटेच बायोगॅसच्या टाकीत घातले तर साठणारा अमोनिया जिवाणूंना जाचतो. म्हणून त्यात कार्बनचे प्रमाण अधिक असलेला दुसरा कचरा मिसळावा लागतो, आणि किती मिसळावा हे कोरड्या पदार्थाचा व नत्राचा आकडा हाती असल्याशिवाय ठरत नाही. जाळायचे म्हटले तर स्फुरद राखेत उतरतो, आणि सिंगापूरच्या भट्ट्यांची राख १९९९ पासून सेमाकाऊच्या समुद्रातील भरावावर जाते. त्या भरावाची जागा २०३५ च्या सुमारास संपेल असे सरकारनेच सांगितले आहे. खाणीतून काढलेला, खत म्हणून मक्याला घातलेला, मक्यातून कोंबडीत व कोंबडीतून राखेत आलेला स्फुरद तेथे पुरणे हे महागडे दफन आहे, असे मत येथे नोंदवावेसे वाटते. परंतु किती टन पुरले जाऊ शकतात हे ठाऊक झाल्याशिवाय त्या मताला वजन येणार नाही.

एजन्सीपुढील वेळही योग्य आहे. '३० बाय ३०', म्हणजे २०३० पर्यंत तीस टक्के पोषणगरज देशातच भागवण्याचे, हे २०१९ चे उद्दिष्ट मागे पडून २०३५ साठी प्रथिनांचे स्वतंत्र लक्ष्य पुढे आले आहे, आणि स्थानिक प्रथिनांत अंड्यांचा वाटा मोठा असल्यामुळे त्या लक्ष्याकडे टाकलेले प्रत्येक पाऊल विष्ठाही वाढवणार आहे. लिम चू कांगच्या सुमारे ३९० हेक्टरांच्या फेररचनेचा आराखडाही एजन्सीकडेच आहे. तेव्हा प्रत्येक परवानाधारक फार्मकडून महिन्याचे खाद्य, त्यातील प्रथिने व स्फुरद यांचे टक्के, अंड्यांचे वजन, तलंगांसह उभ्या पक्ष्यांची संख्या आणि बाहेर गेलेल्या खताचे वजन व ओलावा एवढ्या नोंदी मागवाव्यात. सिंगापूरच्या हवेत, सिंगापूरच्या शेडमध्ये मोजलेले स्थानिक गुणक किमान एक वर्षभर नमुने घेऊन ठरवावेत, कारण परदेशी मानकांशी केलेली तुलना तपासणीपुरती ठीक असली तरी परवान्याची अट तिच्यावर बेतणे धोक्याचे आहे. आणि फार्मनिहाय माहिती व्यापारी गुपित म्हणून झाकली तरी देशाची बेरीज दरवर्षी अंड्यांच्या आकड्याशेजारी छापावी.

नव्या शेडना परवानगी देताना साठवणीची क्षमता खाद्यावरून काढलेल्या कोरड्या पदार्थाच्या आधारे ठरवावी आणि ओलावा सरासरी न धरता वर्षातल्या सर्वांत ओल्या पंधरवड्याचा धरावा. घरमाशीची पिढी उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत पूर्ण होते आणि ओलसर विष्ठाच तिला मानवते. त्यामुळे उचल करणारा ट्रक चार दिवस आला नाही तरी विष्ठा कोठे राहील आणि किती कोरडी राहील, याचे उत्तर परवान्याच्या अर्जातच टनांत व टक्क्यांत मागितले जावे.

कळावे.

सिंगापूरमधील एक मराठी अभ्यासक